संयोग, समवाय आणि समुद्रतळावरचा जोड

दोन वस्तू एकमेकींशी जोडलेल्या असतात तेव्हा तिथे एकूण किती गोष्टी असतात, दोन की तीन? वस्तू दोन आणि त्यांचा संबंध तिसरा, असे वैशेषिक मानतात. संबंध ही केवळ कल्पनेची सोय आहे, असे बौद्ध म्हणतात. अद्वैती तर जोडण्याजोगे दुसरे काही मुळात आहे का, इथूनच सुरुवात करतात. हा वाद दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात उदाहरणे आली ती घट, पट, तंतू, ससाणा, मेंढे अशी. जिचे सारे काम ‘संबंध असणे’ एवढेच आहे अशी वस्तू वाद घालणाऱ्यांच्या हाताशी नव्हती. समुद्राखालच्या दळणवळणात वापरला जाणारा फायबर-ऑप्टिक कनेक्टर ही तशी वस्तू आहे. तो काही निर्माण करत नाही, साठवत नाही, बदलत नाही. आलेला प्रकाश पुढे जाऊ देतो, आणि आपण मध्ये आहोत हे जितके कमी जाणवू देईल तितका तो चांगला ठरतो.

लांब पल्ल्याच्या फायबरची काच बाहेरून १२५ मायक्रोमीटर जाडीची असते. प्रकाश मात्र तिच्या मधोमध असलेल्या साधारण ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून, म्हणजे कोअरमधून जातो. दोन फायबर समोरासमोर आणताना हे दोन गाभे एकाच रेषेत यावे लागतात. एक मायक्रोमीटर इकडेतिकडे झाले तर चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश वाया जातो, दोन मायक्रोमीटर सरकले तर पंधरा टक्क्यांच्या घरात. मध्ये हवेची फट राहिली तर काचेतून बाहेर पडताना आणि पुन्हा काचेत शिरताना मिळून सुमारे सात टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणून कनेक्टरमध्ये फायबर एका सिरॅमिक नळीत, म्हणजे फेरूलमध्ये बसवतात, टोक घासून आरशासारखे करतात आणि स्लीव्हमध्ये दोन फेरूल समोरासमोर दाबून धरतात.

समुद्रात यात आणखी अडचणी येतात. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण या हिशेबाने तीन हजार मीटरवर तीनशे वातावरणांचा दाब असतो. खारे पाणी धातू कुरतडते, आणि त्या गंजण्यातून सुटणारा हायड्रोजन काचेत झिरपून ती प्रकाशाला हळूहळू अंधारी करतो. पाणी लागले की ताणाखालच्या काचेतल्या बारीक भेगा वाढत जातात. गंमत अशी की निव्वळ प्रकाशाच्या दृष्टीने पाणी हा मोठा शत्रू नाही. काच आणि पाणी यांच्या सीमेवर पाव टक्क्याच्या आसपासच प्रकाश मागे फिरतो, काच आणि हवा यांच्या सीमेवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. खरा शत्रू पाण्याबरोबर येणारा गाळ. ९ मायक्रोमीटरच्या दारात दोन-तीन मायक्रोमीटरचा कण बसला तर वाट बरीच अडलीच म्हणायची.

जोडण्याच्या रीती मुळात दोन आहेत आणि पुढचा सारा विचार या फरकावर उभा आहे. पहिली स्प्लायसिंगची. दोन फायबरची टोके विजेच्या ठिणगीने वितळवून एक केली जातात. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये एक टक्का किंवा त्याहून कमी प्रकाश जातो, पण तो जोड पुन्हा सुटत नाही, सोडवायचा तर तोडावाच लागतो. दुसरी रीत कनेक्टरची. इथे टोके केवळ भिडतात, प्रकाश थोडा जास्त वाया जातो, आणि हवे तेव्हा जोडता-सोडता येते. महासागर ओलांडणाऱ्या केबलमध्ये समुद्रतळावर सहसा कनेक्टर नसतातच. तिथे सगळे स्प्लाइस, जहाजावर किंवा कारखान्यात केलेले, आणि भक्कम जॉइंटच्या पेटीत बंद. कनेक्टर लागतो तो जिथे उपकरण खाली ठेवून पुढे कधीतरी वर काढायचे आहे तिथे. तेल-वायूच्या विहिरी, समुद्रतळावरच्या वेधशाळा, भूमध्य समुद्रात साडेतीन हजार मीटर खोलीपर्यंत उतरवलेली केएम-थ्री-नेट ही न्यूट्रिनो दुर्बीण, अशी ही ठिकाणे आहेत.

वैशेषिकांनी संबंधाचे मुख्य भेद दोनच केले, संयोग आणि समवाय. आधी एकमेकांपर्यंत न पोचलेल्या दोन द्रव्यांचे पोचणे म्हणजे संयोग. तो गुण आहे, क्रियेने जन्मतो, विभागाने नष्ट होतो. समवाय हा गुण नाही, स्वतंत्र पदार्थ आहे. ज्या दोहोंपैकी एक दुसऱ्याच्या आश्रयावाचून राहूच शकत नाही त्यांचा तो नित्य संबंध, उदाहरणार्थ तंतू आणि वस्त्र, फूल आणि त्याचा रंग, चालणारा आणि त्याचे चालणे. अशा जोड्यांना ते अयुतसिद्ध म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ही सगळी मांडणी थोडक्यात आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि संस्कृत शिकणाऱ्यांच्या पिढ्या तिच्यावर पोसल्या.

कनेक्टर म्हणजे संयोग आणि स्प्लाइस म्हणजे समवाय, असे समीकरण मांडण्याचा मोह इथे होतो. वैशेषिकांना ते मान्य झाले नसते, आणि त्यांचेच बरोबर आहे. समवाय दोन फायबरमध्ये कधीच नसतो, तो अवयव आणि अवयवी यांच्यात असतो. स्प्लाइस करताना दोन टोकांचा संयोगच होतो, पण तो द्रव्यारंभक संयोग असतो, म्हणजे त्यातून नवे द्रव्य सुरू होते. पहिले दोन फायबर उरत नाहीत, एक तिसराच लांब फायबर अस्तित्वात येतो आणि आपल्या अवयवांत समवायाने राहतो. कनेक्टरमधला संयोग कितीही घट्ट असला तरी त्याने नवे द्रव्य आरंभले जात नाही. दोन राहतात ते दोनच. 

संयोगाबद्दल वैशेषिकांचे एक निरीक्षण विशेष सूक्ष्म आहे. संयोग अव्याप्यवृत्ती असतो, असे ते सांगतात. माकड झाडावर बसले म्हणजे फांदीच्या ठिकाणी झाडाचा माकडाशी संयोग आहे, मुळाच्या ठिकाणी त्याच झाडात त्याच संयोगाचा अभाव आहे. एकच वस्तू एकाच वेळी जोडलेलीही असते आणि न जोडलेलीही. चांगल्या कनेक्टरचे टोक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते सपाट घासत नाहीत, किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे दोन टोके दाबली की सर्वात आधी आणि सर्वात पक्के भिडतात ते मधले गाभे. पूर्ण सपाट टोके पूर्णपणे भिडवायचा प्रयत्न केला तर कुठे तरी कडेला कण अडकतो आणि नेमके मध्येच अंतर राहते. सगळीकडे भिडण्याचा हट्ट सोडला तरच हव्या त्या जागी भिडता येते.

अव्याप्यवृत्तीची ही सोय मूळ अणूपाशी मात्र अडते. वसुबंधूने ‘विंशतिके’त विचारले आहे की निरवयव अणूला सहा दिशांनी सहा अणू भिडले तर त्याला सहा बाजू, म्हणजे सहा अवयव मानावे लागतील. आणि तसे न मानता सगळे एकाच ठिकाणी भिडतात म्हटले, तर सातांचा मिळून पिंड एका अणूएवढाच राहील. ज्याला भाग नाहीत त्याचा ‘काही भागात’ संयोग कसा होणार? या आक्षेपाला वैशेषिकांकडे समाधानकारक उत्तर आहे असे म्हणवत नाही. कनेक्टर बनवणारा मात्र या पेचात सापडत नाही, कारण प्रकाशाला काचेचे काचेला टेकणे लागतच नाही. मध्ये काचेच्या जवळपास अपवर्तनांक असलेले तेल असले तरी प्रकाश विनातक्रार पुढे जातो. काही कनेक्टरमध्ये भिंगांनी किरण रुंद करून फटीपलीकडे पाठवतात आणि दुसऱ्या भिंगाने पुन्हा गोळा करतात, तिथे तर दोन फायबर एकमेकांना शिवतही नाहीत. महत्त्वाचे असते ते माध्यमाचे सातत्य.

संयोगाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोहोंपैकी एकाच्याच क्रियेने होणारा, जसा स्थिर सुळक्यावर उतरलेल्या ससाण्याचा. दोघांच्याही क्रियेने होणारा, जसा टकरा देणाऱ्या मेंढ्यांचा. आणि संयोगातून जन्मणारा संयोग: हाताला पुस्तक लागले म्हणून शरीराला पुस्तक लागले. समुद्रतळावरचा वेट-मेट, म्हणजे पाण्याखालीच जोडता-सोडता येणारा, कनेक्टर पहिल्या प्रकारात बसतो. एक अर्धा भाग तळावरच्या चौकटीत स्थिर असतो, दुसरा भाग दूरनियंत्रित पाणबुडी यंत्राने, म्हणजे आरओव्हीच्या यांत्रिक हाताने त्यात ढकलायचा.

ही क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. दोन्ही भाग तेलाने भरलेले असतात आणि त्यांना लवचीक पडद्याची पिशवी असते. बाहेरचा दाब पडद्यातून आतल्या तेलावर येतो, त्यामुळे आत-बाहेर सारखाच दाब राहतो आणि तीनशे वातावरणांचे ओझे सीलवर पडत नाही. जगाचा दाब अडवायचा नाही, तो आत येऊ द्यायचा आणि पाणी तेवढे बाहेर ठेवायचे, अशी ही युक्ती. भाग जवळ येतात तेव्हा आधी दोन्ही रबरी तोंडे एकमेकांवर दाबली जातात आणि मधले पाणी पिळून बाहेर जाते. मग सील फिरते, अडकलेला गाळ बाजूला सरकतो आणि एका भागाच्या तेलातून दुसऱ्या भागाच्या तेलात वाट उघडते. त्या वाटेने फेरूल पुढे सरकून भिडतात. समुद्राला आतल्या काचेचे दर्शन एका क्षणापुरतेही होत नाही. सोडवताना हेच सगळे उलट्या क्रमाने. असे जोडणे-सोडणे साधारण शंभर वेळा व्हावे अशा बेताने हे कनेक्टर बांधलेले असतात.

तिसरा प्रकार, संयोगज संयोग, समजायला समुद्रापासून दूर आले तर बरे. रामाकोना हे सौंसर तालुक्यातले गाव २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. मुंबईचा किनारा तिथून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर. तरीही गावातून दुबईला व्हिडिओ कॉल लागतो तेव्हा मोबाईलचा टॉवरशी संयोग, टॉवरचा जमिनीखालच्या फायबरशी, त्या फायबरचा कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या एक्स्चेंजशी, आणि असे करत शेवटी वर्सोव्यासारख्या ठिकाणच्या केबल लँडिंग स्टेशनातून अरबी समुद्राखालच्या केबलशी संयोग होतो. बोलणाऱ्याचा समुद्राशी कुठेही प्रत्यक्ष स्पर्श नाही, पण हाताला पुस्तक लागल्याने शरीराला लागावे तसा तो समुद्रापलीकडच्या माणसाशी जोडलेला असतो.

या साखळीतले सगळे सांधे सारखे नसतात. रामाकोना स्टेशन ज्या छिंदवाडा–नागपूर मार्गावर आहे तो २०१५ पर्यंत नॅरोगेज होता. नागपूरच्या पुढे ब्रॉडगेजने जायचे तर नॅरोगेजच्या डब्यातला माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. राउटरमध्ये तसेच होते: प्रकाशातला संदेश विजेत उतरवतात, वाचतात आणि पुन्हा प्रकाशात चढवतात. कनेक्टरमध्ये ही चढ-उतार नसते, तिथे गेज एकच. म्हणून राउटरला संबंध म्हणता येत नाही. तो मध्ये उभा असलेला स्वतंत्र व्यवहार आहे.

प्रत्यक्ष ज्ञान कसे होते हे सांगताना नैयायिकांनी अशीच साखळी मांडली. डोळ्याचा घटाशी संयोग, घटाच्या रंगाशी संयुक्तसमवाय, रंगातल्या रंगत्वाशी संयुक्तसमवेतसमवाय. कानाच्या आकाशात शब्द समवायाने राहतो, शब्दातले शब्दत्व समवेतसमवायाने कळते, आणि घट नाही हे कळते ते विशेषणविशेष्यभावाने. सहा संबंधांची ही यादी वाचताना कंटाळवाणी वाटते. पण तिच्यामागची शिस्त महत्त्वाची आहे: ज्ञान झाले असेल तर ते कुठून कुठे पोचले याची प्रत्येक कडी दाखवता आली पाहिजे, मधली एक कडी गृहीत धरून चालणार नाही. नेटवर्क बांधणाऱ्याला ही शिस्त शिकवावी लागत नाही, तुटलेली कडी त्याला रात्री झोपेतून उठवते.

आता समवायावरचा मोठा आक्षेप. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात वैशेषिकांना विचारले की समवाय हा जोडल्या जाणाऱ्या दोहोंहून वेगळा आहे ना? मग त्या दोहोंशी तो कशाने जोडला गेला? दुसऱ्या समवायाने म्हणाल तर त्याला तिसरा लागेल, तिसऱ्याला चौथा, आणि ही अनवस्था संपणार नाही. समवाय आपोआपच जोडलेला असतो म्हणाल तर तीच सवलत संयोगालाही द्या. संयोग गुण आहे म्हणून त्याला समवाय लागतो आणि समवाय गुण नाही म्हणून त्याला काही लागत नाही, ही नुसती आपल्या परिभाषेची सोय झाली.

हा आक्षेप केवळ शब्दांचा वाटतो. समुद्रात तुटलेल्या केबलची दुरुस्ती पाहिली की तो शब्दांचा राहत नाही. मुंबईचा समुद्राखालच्या केबलशी संबंध जुना आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तारयंत्राची केबल टाकली, आणि सव्वाशे वर्षांनी, १९९७ मध्ये, फ्लॅग ही प्रकाशाची केबल मुंबईला लागली. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या दोन्ही केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रडतखडत चालू लागले. अशा वेळी दुरुस्ती-जहाज एक टोक आकड्याने वर ओढते, मग दुसरे. पण खोल समुद्रात टाकलेल्या केबलला एवढी ढील नसते की तुटलेली दोन्ही टोके एकाच वेळी जहाजाच्या डेकवर यावीत. म्हणून दोन टोके जोडायला मध्ये नव्या केबलचा तुकडा घालावा लागतो. दोन टोके, मधला तिसरा तुकडा, आणि त्या तिसऱ्याला दोन्हीकडे जोडायला दोन जोड. शंकराचार्यांचा पेच अक्षरशः डेकवर येऊन पडतो. तर्कातल्या अनवस्थेला काही खर्च नसतो, इथे मात्र प्रत्येक पायरीला प्रकाश जातो आणि दोन रिपीटरमधल्या, म्हणजे प्रकाशाला पुन्हा जोर देणाऱ्या यंत्रांमधल्या, अंतराचा हिशेब बिघडतो. पुन्हा तिथेच तुटले तर आणखी तुकडा, आणखी दोन जोड.

तरी जहाज बंदरात परत येते, अनवस्था समुद्रभर पसरत नाही. कारण त्या दोन जोडांपाशी चौथी वस्तू घातली जात नाही. काच वितळून काचेत मिसळते. तिसरा तुकडा ही वस्तू आहे, वितळून झालेला जोड ही वस्तू नाही. नव्य-नैयायिकांनी शंकराचार्यांच्या आक्षेपाला दिलेले उत्तर याच वाटेने जाते. समवाय आपल्या आश्रयाशी ज्या संबंधाने राहतो त्याला ते स्वरूपसंबंध म्हणतात. तो तिसरा पदार्थ नसतो, जोडल्या गेलेल्यांचे स्वरूपच तिथे संबंधाचे काम करते. हे उत्तर हुशार आहे, पण त्याने अर्धी बाजी शंकराचार्यांच्या पदरात पडते. शेवटच्या पायरीवर स्वरूपानेच भागते असे मान्य केले तर पहिल्याच पायरीवर का भागू नये, हा प्रश्न उरतो. त्याच अध्यायात पुढे शंकराचार्यांनी हेच म्हटले आहे: संबंध हा संबंधींहून वेगळा काही नाही, एकच देवदत्त कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई म्हणवला जातो, म्हणून देवदत्ताखेरीज आणखी तीन गोष्टी जगात वाढत नाहीत. तोडगा एवढाच दिसतो की मध्ये तुकडा खरोखर घालावा लागतो तिथे वैशेषिकांचे गणित लागू पडते आणि टोके आपोआप एकमेकांपर्यंत पोचतात तिथे शंकराचार्यांचे.

बौद्धांची टीका याहून मुळावर घाव घालणारी. रामटेकच्या परिसराशी ज्याचे नाव विदर्भातली परंपरा जोडते त्या नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’चे चौदावे प्रकरण संसर्गाच्या परीक्षेलाच दिले आहे. भिन्न वस्तूंचाच संसर्ग होऊ शकतो. पण ‘भिन्न’ असणे हेच दुसऱ्यावर अवलंबून आहे, एकट्या वस्तूत भिन्नता सापडत नाही. मग संसर्गासाठी लागणारी भिन्नता संसर्गाच्या आधी येणार कुठून? धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ या छोट्या ग्रंथात हेच वेगळ्या रीतीने मांडले: जगात सुट्या वस्तू आहेत, त्यांना जोडते ती बुद्धी. कनेक्टर बनवणाऱ्याच्या टेबलावर हा विचार टिकत नाही असे पटकन वाटेल, कारण सैल कनेक्टर आणि घट्ट कनेक्टर यांतला फरक कुणाच्या बुद्धीवर अवलंबून नाही, तो डेसिबलमध्ये मोजता येतो. पण धर्मकीर्ती म्हणेल की मोजला गेला तो दोन ठिकाणचा प्रकाश, संबंध कुणी मोजला?

हा प्रश्न ओटीडीआर नावाच्या यंत्रासमोर बसले की अधिकच गोत्यात आणतो. फायबरच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका पाठवायचा आणि वाटेत ठिकठिकाणाहून किती प्रकाश परत येतो ते पडद्यावर पाहायचे, असे ते यंत्र. उत्तम स्प्लाइस असेल तर रेषेत नजरेत भरण्याजोगे काही येत नाही. कनेक्टर असेल तर परावर्तनाचा उंच सुळका दिसतो. जोड बिघडलेला असेल तर रेषा पायरीसारखी खाली येते, तुटलेला असेल तर शेवटचा सुळका आणि मग नुसता गोंधळ. थोडक्यात, जोड दिसतो तो आपल्या दोषाने, निर्दोष जोड यंत्राला दिसतच नाही. समवाय प्रत्यक्ष दिसतो की नाही, यावर न्याय आणि वैशेषिक या सख्ख्या भावांतही मतभेद होते. नैयायिक तो प्रत्यक्ष मानतात. वैशेषिक म्हणतात की तो फक्त अनुमानाने कळतो, ‘या तंतूंत वस्त्र आहे’ या आपल्या प्रतीतीवरून. ओटीडीआरची रेषा वैशेषिकांच्या बाजूने झुकते. अखंड सरळ रेषेवरून तंत्रज्ञ अनुमानच करतो की मध्ये जिथे जोड असल्याचे कागदावर लिहिले आहे तिथे तो आहे आणि शाबूत आहे.

संबंधाचा हा वाद धर्माच्या अंगणात शिरतो तो जीव आणि ईश्वर यांच्या प्रश्नातून. न्याय-वैशेषिकांच्या मते आत्मा सर्वव्यापी आणि ईश्वरही सर्वव्यापी. संयोग म्हणजे न पोचलेल्यांचे पोचणे, मग जे दोघे आधीपासूनच सगळीकडे आहेत ते एकमेकांपर्यंत पोचणार कसे? प्रशस्तपादाने म्हणूनच दोन विभु, म्हणजे सर्वव्यापी, द्रव्यांचा संयोग नाकारला. पण जिवांच्या कर्माचे फळ ईश्वराने द्यायचे तर काही तरी संबंध हवाच. काहींनी अजसंयोग, म्हणजे कधीही न जन्मलेला, अनादी संयोग मानला. ज्यांना ते पटेना त्यांनी मध्ये अणू किंवा मन घालून संयुक्तसंयोग जुळवला: ईश्वर अणूंशी जोडलेला, अणू जिवाशी जोडलेले. देवालाही कनेक्टर लागला, असे म्हणण्याचा धीटपणा त्या काळच्या पंडितांनी केला नसता, पण रचना तीच आहे.

मराठी मुलखात या प्रश्नाची दोन अगदी निराळी उत्तरे तेराव्या शतकात मिळाली. रामाकोन्याच्या नैर्ऋत्येला, वरुडच्या पलीकडे, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचे हे क्षेत्र, गोविंदप्रभूंचे गाव, आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’च्या लेखनाशी जोडलेले. चक्रधरांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि कायमचे वेगळे आहेत. मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही, म्हणजे इथे स्प्लाइसची भाषा नाही. दोन वेगळ्यांना जोडायचे तर एकाने दुसऱ्यापर्यंत यावे लागते. जीव येऊ शकत नाही, म्हणून परमेश्वर अवतार घेऊन येतो. या येण्याला, अवताराच्या जवळ असण्याला, सन्निधान म्हणतात. वैशेषिक परिभाषेत सांगायचे तर हा एकाच्याच क्रियेने होणारा संयोग.

अवतार निघून गेल्यावर काय, हा प्रश्न पंथाने फार गांभीर्याने घेतला. त्यातून अवताराच्या चरणांचा स्पर्श झालेली स्थाने टिपून ठेवली गेली, ‘स्थानपोथी’ तयार झाली, तिथे ओटे बांधले गेले, अवताराने हाताळलेल्या वस्तू प्रसाद म्हणून जपल्या गेल्या. अनुयायी त्या स्थानाला नमस्कार करतो तेव्हा तो दगडाची पूजा करत नाही, पंथाला मूर्तिपूजा मान्यच नाही. अवताराचा दगडाशी संयोग झाला होता, आता दगडाशी भक्ताचा होतो आहे, आणि त्यातून भक्ताचा अवताराशी. हस्तपुस्तकाच्या उदाहरणातला संयोगज संयोग जवळपास जसाच्या तसा इथे उभा राहतो, फक्त मधल्या दोन संयोगांत शतकांचे अंतर आहे. हे अंतर दगडाने भरून निघत नाही. पहिला संयोग तर अवतार तिथून निघताच नष्ट झाला. म्हणून स्थानाबरोबर लीळेचे स्मरण आवश्यक ठरते. तटस्थपणे पाहता महानुभावांच्या आचारातला हा भाग त्यांच्या द्वैताचा सर्वात सुसंगत परिणाम वाटतो: जोडले जाणारे कायम वेगळे असतील तर जोड राखावा लागतो, तो एकदा करून विसरता येत नाही.

ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ नेमक्या विरुद्ध टोकाला आहे. पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती यांचे दांपत्य आहे, पण त्यांना दोन म्हणता येत नाही आणि एक म्हणूनही भागत नाही. त्यांच्यात तिसरा संबंध घालायला फटच ठेवलेली नाही. इथे अनवस्थेचा प्रश्न सुटत नाही, तो उद्भवतच नाही. मात्र त्याची किंमत आहे. ज्या प्रेमाचे वर्णन चालले आहे त्यातली दोघांची वेगळी ओळख शब्दाशब्दाला निसटत जाते, आणि हे निसटणे ज्ञानेश्वर लपवत नाहीत, उलट त्यातच आनंद मानतात. उपास्य वेगळे हवे असणाऱ्या भक्ताला चक्रधरांची मांडणी जवळची वाटेल, विरहाची शक्यताच नको असणाऱ्याला ज्ञानेश्वरांची.

विरहाचा, म्हणजे सुटण्याचा विचार वैशेषिकांनी वेगळा केला आहे. विभाग हा त्यांच्या चोवीस गुणांपैकी एक. संयोग नसणे म्हणजे विभाग नव्हे. जे कधी जोडलेच नव्हते त्यांचा विभाग होत नाही. विभाग हा क्रियेने जन्मणारा, संयोगाचा नाश करणारा भावरूप गुण आहे. भासर्वज्ञासारख्या नैयायिकाला हे पटले नाही. त्याच्या मते संयोगाचा अभाव म्हटले की काम भागते, आणखी एक गुण वाढवण्याची गरज नाही. वेट-मेट कनेक्टर आणि तुटलेली केबल शेजारी ठेवली तर दोघांच्या म्हणण्याला जागा मिळते. नांगराने तुटलेल्या केबलच्या टोकाशी खरोखरच एक अभाव आहे: काच उघडी पडते, पाणी आत शिरू लागते, त्या टोकाची स्वतःची अशी काही अवस्था ठरवलेली नसते. सोडवलेल्या कनेक्टरचे तसे नाही. सील परत फिरते, तेलाची वाट बंद होते, दाब सारखाच राहतो, आणि प्रत्येक अर्धा भाग पुढच्या जोडणीपर्यंत तळावर महिनोन्महिने टिकेल अशा बेताने मिटतो. सुटलेल्या अवस्थेचीही रचना आधीच करून ठेवलेली असते. महानुभावांनी असन्निधानाच्या काळासाठी नाम, लीळा, स्थान आणि प्रसाद यांचा जो आचार घालून दिला तोही परमेश्वर नसण्याचा नुसता शोक नाही. विभागाला अभावापेक्षा अधिक काही मानणाऱ्यांच्या पक्षात तो जातो.